हैबतची पाठ

आमच्या सोसायटीच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर बिरुदेव घोडी बांधू लागला, तेव्हा तक्रार अर्जावर पहिली सही माझी होती. विजापूर रोडला घर घेताना बिल्डरने मागे बाग होणार म्हणून सांगितलं होतं. बाग काही झाली नाही. सहा वर्षं तिथं वेड्या बाभळी होत्या, आणि मग एके दिवशी सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघते तर पत्र्याचं छप्पर, कडब्याची गंजी आणि एक पांढरीशुभ्र घोडी.

अर्ज घेऊन मीच गेले. मी शाळेत इतिहास शिकवते. बोलायची सवय आहे. तो घोडीच्या अंगावरून खरारा फिरवत होता. तिशी ओलांडलेला, काटक, डाव्या पायानं जरा लंगडणारा माणूस. मी लीद, माशा, वास, लहान मुलं असं सगळं एका दमात सांगितलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"लीद मी रोज गोळा करतो, बाई. तुमच्या कुंड्यांस्नी पायजे का? गुलाबाला लई चांगली."

महिन्याभरात माझ्या गच्चीतले गुलाब असे फुलले की अर्जाचं काय झालं हे मी कुणाला विचारलंच नाही.

माणूस मुखदुर्बळ. सांगोला तालुक्यातल्या एका वाडीतला, धनगराचा. प्रभु नावाच्या एका बँडवाल्याकडं वरातीसाठी घोडी घेऊन जायचा, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. घोडीचं नाव शेवंती. तिच्या डाव्या डोळ्यावर सारा, म्हणजे पांढरट पडदा, आला होता, म्हणून तो नेहमी तिच्या डाव्या बाजूनं चालायचा.

त्या दिवसांत आमच्या घरात 'हैबत बारगीर' या मालिकेचं वेड होतं. आमच्या सासूबाईंना, गौरम्मांना, घरात सगळे कानडीत अत्ती म्हणतात. अत्तींनी आयुष्यात मालिका अशी एकच धरली. भीमेकाठचा एक साधा बारगीर, म्हणजे ज्याचा घोडासुद्धा सरकारचा असतो असा शिपाई. तो तलवारीच्या बळावर कसा वर चढतो, कुणाकुणाचे कट उधळतो, अशी ती गोष्ट. हैबत नावाचा माणूस इतिहासात कुठंच नाही. पहिल्या पर्वात मी यावरून फार कुरकुर केली, पण दुसऱ्या पर्वापासून रविवारी सात वाजता टीव्हीसमोर माझीच खुर्ची पुढं असायची. हैबतचा तो पांढरा घोडा, तुफान, आणि त्याची ती दौड! शाळेतल्या पोरांच्या वह्यांवर तुफानची चित्रं असायची.

एकदा गच्चीत कपडे वाळत घालताना मी फोनवर मैत्रिणीला सांगत होते, "दुसऱ्या पर्वातली ती खंदकावरची उडी परत बघितली गं मी. काय घोड्यावर बसतो तो नट! अंगच तयार असणार."

फोन ठेवला तसा खालून आवाज आला. "खंदक न्हवता त्यो, बाई. वडा हुता. आनि उडी तीनदा मारावी लागली."

मी कठड्यावरून वाकून बघितलं. बिरुदेव जीभ चावून उभा होता.

"तुम्हाला काय माहीत?"

"काय न्हाय. आसंच."

मी सोडते होय! चहा घेऊन खाली गेले. पुष्कळ आढेवेढे घेऊन झाल्यावर त्यानं सांगितलं ते असं. "कागदावर सही केलीया, बाई, कुटं बोलायचं न्हाय म्हनून. तोंड त्येंचं, पाठ माजी. पळतं घोडं आलं, उडी आली, खाली पडायचं आलं, की मी." मग घोडीच्या मानेवर हात ठेवून म्हणाला, "आनि तुफान म्हंजी ही."

"पण तुफान तर घोडा आहे. ही घोडी."

"टीव्हीत कोन वाकून बगतंय?" तो म्हणाला, आणि तेव्हा मी त्याला पहिल्यांदा हसताना बघितलं.

त्यानंतर तुकड्यातुकड्यानं त्याची हकिगत मला कळत गेली.

त्याचा बाप सिद्धाप्पा. शंभरभर मेंढरं. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर टाकायचं आणि पश्चिमेकडं, कराडच्या अंगाला चारणीला जायचं, पाऊस पडता पडता परत यायचं. भांडी, वाकळा, करडं, कोंबड्या, सगळं घोड्याच्या पाठीवर. आणि चालता न येणारं पोरगंही. बिरुदेव चालायच्या आधी घोड्यावर बसला. खोगीर त्यानं पहिल्यांदा बघितलं ते पंधराव्या वर्षी.

बाप गेल्यावर मेंढरं कमी झाली. सव्विसाव्या वर्षी तो अकलूजच्या घोडेबाजारात एका व्यापाऱ्याकडं कामाला होता. तिथं एक नवं जनावर बिथरलं. दावं तोडून चहाच्या टपऱ्यांकडं सुटलं. माणसं ओरडत बाजूला झाली. बिरुदेव त्याच्या बरोबरीनं पळाला, आयाळ धरून वर चढला आणि उसाच्या मोकळ्या झालेल्या रानातून त्याला दमेपर्यंत फिरवून शांत करून आणला. मालिकेसाठी घोडे घ्यायला आलेले घोड्यांचे उस्ताद तिथं उभे होते. त्यांनी घोडा घेतलाच, पण आधी माणूस घेतला.

शूटिंग वाईकडं. तीन पर्वं, जवळजवळ पाच वर्षं. हैबतचं काम करणारा नट भला माणूस, पण घोड्याला भ्यायचा. चालत्या घोड्यावर बसायचा. घोडं दुडक्या चालीला लागलं की चेहरा पांढरा पडायचा. "त्येंनी कदी लपवलं न्हाय माज्यापासनं," बिरुदेव म्हणायचा. "म्हनायचे, बिरू, तू हायस म्हनून मी शूर हाय." नटाला सकाळी शेवंतीजवळ नेऊन तिच्या नाकाशी हात धरायला, तिच्याशी बोलायला त्यानंच शिकवलं. 

तिसऱ्या पर्वात जळत्या गाड्यावरून उडी घेताना खोगिराचा पट्टा तुटला. डावी मांडी दोन ठिकाणी मोडली. तीन महिने वाडीवर पडून होता. त्याची आई केराबाई रोज म्हणायची, "मेंढरामागं गेला आसतास तर पाय शाबूत राह्यला आसता." बरा होऊन परत गेला तोवर चौथ्या, म्हणजे शेवटच्या पर्वाची माणसं बदलली होती. नवा दिग्दर्शक, नवी पद्धत. दौडी आता संगणकावर होणार होत्या. घोडे काढून टाकायचं ठरलं. शेवंतीचं वय झालेलं, एक डोळा अधू. तिला घ्यायला गिऱ्हाईक नव्हतं. बिरुदेवनं उस्तादांना एवढंच विचारलं, "मी नेऊ का?" वाडीवर त्या वर्षी माणसांना पाणी टँकरनं येत होतं, तिथं घोडीला कुठून आणणार? म्हणून तो सोलापुरात आला.

शेवटचं पर्व सुरू झालं, तेव्हा अत्तींना ही सगळी कथा मी सांगून टाकली होती. कागदावरची सही मोडली ती मी. पहिल्याच रविवारी अत्तींनी खिडकीतून हाक मारली, "बिरुदेवा, बा इल्ली!" तो चप्पल काढून दारातच उभा राहिला. अत्तींनी सोफ्यावर थाप मारली. "बा, कुंद्रु." कानडी न येणाऱ्यालाही कळेल अशी ती थाप होती. तो बसला, पण अगदी कडेला. त्या दिवसापासून दर रविवारी त्याच्यापुढं कडक भाकरी आणि दह्यात कालवलेली शेंगाचटणी यायची, आणि तो मालिका एखाद्या परीक्षकासारखी बघायचा.

मला ते पर्व पहिल्या भागापासून आवडलं नाही. भरजरी कपडे वाढले, भाषणं वाढली. हैबत चालताना थांबायचा, वारा सुटायचा, मग तो बोलायचा. मी दर रविवारी मालिकेला तासायला सुरुवात करायची. बिरुदेव मात्र कुणाला वाईट म्हणायचा नाही.

"मानसं राबत्यात, बाई. उन्हात त्ये कपडे घालून हुबं राहून बगा."

"अहो, पण घोडे बघा तरी!"

"व्हय," तो म्हणायचा, आणि चटणीत बोट फिरवायचा.

शेवटचा भाग दोन तासांचा होता. वेढा, कट, फितुरी, शेवटची लढाई. तुफान अंगावर बाण घेऊन हैबतला नदीपार आणतो आणि वाळूत गुडघे टेकतो. हैबत त्याचं डोकं मांडीवर घेऊन लांबलचक बोलतो. मग बोलायचं थांबतो, मावळतीच्या उन्हाकडं बघतो आणि तुफानच्या डोळ्यावर आपला तळहात आडवा धरतो. कितीतरी वेळ नुसता तो हात.

अत्ती पदर डोळ्याला लावून हुंदके देत होत्या. मी काहीतरी बोलायला वळले तर बिरुदेव उठलेला. ताटलीत भाकरी तशीच. चप्पल घालायलाही त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला. "येतो," एवढंच म्हणाला.

मला वाटलं, आपल्या घोडीला पडद्यावर मारलं म्हणून राग आला असेल.

दुसऱ्या दिवशी शाळेत जायच्या आधी मी मालिकेवर लिहायला बसले. पाच वर्षं जीव लावला होता, त्यामुळं राग पुष्कळ साठला होता. पोशाख चुकीचे, वेढ्याची रचना अशक्य, भाषा आजची. शेवटी लिहिलं, "आणि घोड्याच्या मरणाचा तो प्रसंग! डोळ्यावर हात धरून बसण्याचा नाटकीपणा पाहून वाटलं, नटाला आणि दिग्दर्शकाला जिवंत घोडा कधी दिसला तरी आहे का?" हे वाक्य मला स्वतःला फारच आवडलं होतं. आमच्या इतिहासप्रेमींच्या गटावर टाकलं, तिथून ते फिरलं, आणि माझी जुनी विद्यार्थिनी प्रियदर्शनी एका स्थानिक वर्तमानपत्रात काम करते, तिनं ते बुधवारच्या अंकात माझ्या फोटोसकट छापलं. स्टाफरूममध्ये पेढे मागितले गेले.

गुरुवारी आमच्या शाळेतल्या एका शिक्षिकेच्या मुलीचं, काव्याचं लग्न होतं. अक्कलकोट रोडवरच्या कार्यालयात. नवरदेव दुधनीचा. संध्याकाळी अत्तींना घेऊन मी पोहोचले तर कार्यालयाच्या बाहेर बँड गप्प उभा, नवरदेव बाशिंग बांधून घामाघूम, आणि शेवंती झूल-गोंडे लेवून रस्त्याच्या कडेला. बिरुदेव तिच्या डाव्या अंगाला, मान खाली घालून.

झालं होतं असं. वरातीला गिऱ्हाईक यावं म्हणून बँडवाल्या प्रभुनं आपल्या पत्रकांवर 'मालिकेतल्या तुफान घोड्यावरून वरात' असं छापून टाकलं होतं. कागदावरच्या सहीच्या भीतीनं बिरुदेव नको म्हणत होता, पण प्रभु ऐकणाऱ्यातला नव्हता. चार महिने ते चाललंही. पण रविवारी तुफान मेला. नवरदेवाच्या आजीनं, सुंदरम्मांनी, तो मरताना सगळ्या घरादारासोबत बघितला होता. त्या म्हणाल्या, मेलेल्या घोड्यावर माझा नातू बसणार नाही.

प्रभु समजावत होता. नवरदेवाचा बाप समजावत होता. "अव्वा, ती मालिका आहे, नाटक आहे." सुंदरम्मा एकच वाक्य धरून बसल्या. "नाटक असू दे. शुभकार्याला मरणाचं नाव नको."

अत्ती दुधनीकडच्याच. त्या काठी टेकत पुढं झाल्या, शेवंतीच्या तोंडावर हात फिरवला, आपला तळवा तिच्या नाकपुड्यांपुढं धरला आणि सुंदरम्मांकडं वळून मोठ्यानं म्हणाल्या, "सत्तिल्ल अदु! जीव ऐती. उसुरु नोडरी!" मेलेली नाही, जीव आहे, श्वास बघा. मग दोघी म्हाताऱ्यांचं कानडीत असं जुंपलं की वऱ्हाडी खुर्च्या वळवून बसले. अत्ती म्हणत होत्या, मरणाच्या दारातून परत आलेलं जनावर याहून शुभ काय असतं? सुंदरम्मा म्हणत होत्या, मग तुमच्या नातवाच्या लग्नात बसवा.

शेवटी सुंदरम्मांचंच चाललं. नातू त्यांचा. कुणाची तरी मोटार आली, तिला घाईघाईनं झेंडूच्या माळा बांधल्या, आणि नवरदेव काच खाली करून त्यात बसला. बँड मोटारीपुढं लागला.

बिरुदेव शेवंतीचे गोंडे सोडायला लागला. तेवढ्यात झालरीच्या फ्रॉकमधली एक सहा-सात वर्षांची मुलगी त्याच्याजवळ आली. तिनं विचारलं, "हा तुफान आहे?"

बिरुदेवनं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाला, "व्हय."

"मेला नाही?"

"न्हाय. त्ये खोटं हुतं. हात लाव की."

तिनं हात लावला. शेवंतीनं फुरफुर केली, तशी ती मुलगी आनंदानं अशी किंचाळली की वरातीतली पोरं वळली. एक आलं, मग पाच, मग वीस. त्यांच्यामागं त्यांच्या आया. रविवारी ही सगळी पोरं रडून झोपली होती, म्हणे. एकानं तर दोन दिवस शाळेचा डबा खाल्ला नव्हता. बँड मोटारीपुढं वाजत होता आणि निम्मी वरात शेवंतीभोवती. बिरुदेव प्रत्येकाला उचलून तिच्या मानेपर्यंत नेत होता, आणि सगळ्यांना तेच सांगत होता, "न्हाय मेली. बग, कान हालीवती. बग, तुज्याकडं बगती."

कुणीतरी त्याचं चित्रीकरण केलं. शुक्रवारी दुपारपर्यंत ते माझ्याच मोबाइलवर अकरा जणांनी पाठवलं होतं. 'तुफान जिवंत आहे, सोलापुरात आहे.'

संध्याकाळी मालिकेच्या ऑफिसातून बिरुदेवला फोन आला. कुणीतरी बाई सहीच्या कागदाची आठवण करून देत होत्या. तो फोन कानाला लावून उभा राहिला आणि "व्हय मॅडम, चुकलं मॅडम" एवढंच म्हणत राहिला. पण शनिवारी सकाळी त्याच लोकांनी तेच चित्रीकरण मालिकेच्या पानावर टाकलं, खाली लिहिलं, 'तुफान अमर आहे.' बिरुदेवचं नाव काही नव्हतं, पण पुन्हा कुणी फोनही केला नाही.

त्याच शनिवारी प्रियदर्शनी माझ्या दारात हजर. "मॅडम, तो माणूस तुमच्या मागंच राहतो ना? चला." मीच तिला प्लॉटवर घेऊन गेले. बिरुदेवनं आम्हाला बसायला कडब्याच्या पेंढ्यांवर पोतं टाकलं.

आधी तो बोलेना. प्रियदर्शनी म्हणाली, मालिकेच्या लोकांनी स्वतःच टाकलंय, आता कसली भीती? मग तिनं थेट विचारलं, "शेवटचा भाग तुम्ही बघितला ना? कसा वाटला?" आणि त्याला बोलतं करायचं म्हणून पुढं म्हणाली, "या आमच्या श्रीदेवी मॅडमनी तर फार झोडपलाय. घोड्याच्या डोळ्यावर हात धरायचा तो प्रसंग तर नाटकी म्हटलाय. लिहिलंय, यांनी जिवंत घोडा कधी बघितला तरी आहे का?"

मी मान डोलवली. खरं सांगते, जरा अभिमानानंच डोलवली.

बिरुदेव शेवंतीकडं बघत राहिला. मग म्हणाला, "बाईंचं बराबर हाय. बगनाऱ्याला तसंच वाटनार."

त्यानं तिच्या डोळ्यावरची माशी हाकलली.

"त्यो हात माज्या बाचा हाय," तो म्हणाला.

आणि मग त्यानं सांगितलं. मी ते जमेल तसं त्याच्याच शब्दांत लिहिते.

"माघात मला साहेबांचा फोन आला. हैबतचं काम करत्यात त्येंचा. म्हनले, बिरू, शेवंतीचं मरान करायचं हाय. म्या म्हनलं, ती तर माज्यापाशी हाय, आनू का? म्हनले, मी मागितली हुती, न्हाय म्हनत्यात. घोड्याच्या जागी हिरव्या कापडाची उशी दिलीया मला, तिला धरून रडायचं हाय. मला रडाय येत न्हाय. घोडं मरताना मानूस काय करतंय, ते सांग.

"मी नऊ वर्साचा हुतो. आमी कराडकडनं माघारी येत हुतो. आमची भोरी घोडी हुती, म्हातारी. वाटंत तिच्या पोटात कळ आली. रस्त्याच्या कडंला आडवी झाली ती उठंचना. आई मेंढरं घिऊन म्होरं गेली, मेंढरं थांबत न्हाईत. मी आनि बा ऱ्हायलो. भर उनाचं. घोडीची मान आशी पडल्याली की ऊन तिच्या डोळ्यात. तिला डोळा मिटवंना. बानं हात धरला डोळ्यावर. बोलला काय न्हाय. ऊन फिरंल तसा हात फिरवायचा. दुपार झाली, मी म्हनलं, आप्पा, मी धरू का? तर म्हनला, तुजा हात ल्हान हाय, सावली पुरायची न्हाय. दिस कलताना ती गेली. तवर त्येनं हात काडला न्हाय.

"त्येवढं सांगितलं साहेबास्नी. त्ये कायच बोललं न्हाईत. फोन ठिवला. पुना फोन न्हाय. मला वाटलं, आवडलं नसंल. आनि मग रविवारी..." त्यानं आपला तळहात आडवा धरला, बघितला आणि खाली घेतला. "बा गेल्याला बारा वर्सं झाली. त्येचा फोटू बी न्हाय आमच्याकडं. आनि टीव्हीत एकदम त्येचा हात. बसवंना. म्हनून उठलो."

प्रियदर्शनीनं लिहायचं थांबवलं होतं. मी म्हणाले, "बिरुदेव, मला माहीत नव्हतं."

"तुमाला कसं म्हाईत आसंल, बाई?" तो अगदी सरळ म्हणाला. "तुमी घोडं मरताना बगितलं न्हाय, एवढंच."

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

प्रियदर्शनीनं शेवटी विचारलं, "मग मालिका चांगली की वाईट? तुमचं मत काय?"

त्यानं पुष्कळ विचार केला. "पैली तीन पर्वं आमी आंग मोडून केली, ती चांगलीच म्हननार की मी. चवथ्यात घोडं पळतंय, पर जमीन हालत न्हाय. धुळा आदी उडतोय, टाप मागनं पडतीया. आनि एवढं बान लागल्यावर घोडं भाषान ऐकाय थांबत न्हाय, मानसापासनं लांब जाया बगतं. ते समदं खोटं. पर एक हात खरा हाय. साहेबांनी हिरव्या उशीवर धरला, तरी खरा धरला. दोन तासात एक खरी गोष्ट घावली. लई झालं."

ते तसंच्या तसं छापून आलं. मीही त्या गटावर परत लिहिलं. फार नाही, चार ओळी. बाकीच्या टीकेतलं एक अक्षर मी मागं घेतलं नाही, कारण ती बरोबरच होती. पण त्या वाक्याबद्दल माफी मागितली. दोघा-तिघांनी विचारलं, नटाच्या भक्तांनी धमकावलं का?

वराती मात्र गेल्या. सुंदरम्मांसारख्या माणसांचा भरणा सोलापुरात कमी नाही. प्रभुनं सरळ दुसरी घोडी बघितली. महिनाभर बिरुदेव काळजीत होता. पण रविवारी सकाळी प्लॉटवर पोरांना घेऊन आईबाप येतच राहिले, आणि नुसतं बघून जाईनात. कुणीतरी विचारलं, बसायला शिकवाल का? आज त्याच्याकडं चौदा मुलं शिकतात, त्यात नऊ मुली. अकलूजहून त्यानं आणखी दोन तट्टं आणली. शेवंतीवर तो फक्त सगळ्यात लहान पोरांना बसवतो, आणि तिच्या अधू डोळ्याच्या बाजूला स्वतः चालतो. सोसायटीतल्या काही जणांनी पुन्हा अर्ज केला होता. या वेळी माझी सही दुसऱ्या अर्जावर होती, घोडी राहू द्या म्हणणाऱ्या.

पावसाळ्याच्या तोंडाला त्यानं आईला, केराबाईला, वाडीवरून आणलं. ताठ कण्याची, हिरव्या नऊवारीतली बाई. तिनं मालिका कधी बघितलेलीच नव्हती. पोराला पडताना बघायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. आता पोरगं समोर धडधाकट असतं, म्हणून तयार झाली. अत्तींनी तिला आधी शेवटचाच भाग लावून दाखवला, तो हात बघावा म्हणून. केराबाईनं तो बघितला. मग म्हणाली, "ह्यात माजा बिरू कुटं हाय?"

"ह्यात नाहीत ते, मावशी," मी म्हणाले. "आधीच्या पर्वांत आहेत."

"मग ती लाव की."

तेव्हापासून रोज दुपारी शाळेतून आले की आम्ही तिघी पहिल्यापासून बघतोय. सध्या दुसऱ्या पर्वाच्या मध्यावर आहोत. अत्ती कानडीत रडतात, मी इतिहासाच्या चुका काढते. केराबाईचं बघणं निराळंच आहे. हैबतचा चेहरा पडद्यावर आला, तो बोलायला लागला, की ती उठते आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवते. घोड्यांच्या टापा ऐकू आल्या, की हात पदराला पुसत लगबगीनं बाहेर येते, पडद्याच्या अगदी पुढ्यात खाली बसते आणि आम्हाला म्हणते, "गप बसा जरा. पोरगं आलं."